प्रवासाची पुडी

मिरा रोडच्या शांती नगरात ‘मोरपंखी’ नावाची सोसायटी आहे. तिथलं कोणी प्रवासाला निघालं, की बॅगेला कुलूप लावण्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्या केळुसकरांची बेल वाजवायची, अशी रीतच पडून गेली होती. गणपतीला कोकणात जाणारे, पोराला क्लाससाठी कोट्याला सोडायला निघालेले, चारधामवाले, नणंदेच्या मुलीच्या लग्नाला राजकोटला जाणारे, सगळे आधी मृणालिनीकाकूंच्या दारात. काकू दार उघडत, कुठे निघालात ते विचारत, कशाने निघालात तेही विचारत, मग क्षणभर भिंतीकडे बघून गंभीर होत आणि आत जात. बाहेर येत तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या कागदाची एक चौकोनी पुडी असे. ती त्या समोरच्याच्या तळहातावर ठेवत, त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटवत आणि काही होणार नाही, असं म्हणत. आणि बहुतेक वेळा काही होत नसे.

पुड्यांचे प्रकार तीन होते. घाटाची पुडी घाट लागण्याआधी जिभेवर ठेवायची, रेल्वेची जेवणानंतर घ्यायची आणि विमानाची पट्टा बांधल्यावर. चुकून कोणी घाटाची पुडी रेल्वेत घेतली तर काय होईल, असं एकाने विचारलं होतं, तेव्हा काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने ती भलती कल्पना परत कधी तोंडातून काढली नाही. तिन्ही पुड्या एकाच बरणीतून निघतात, हे फक्त काकूंना आणि त्यांच्या यजमानांना, आत्मारामपंतांना ठाऊक होतं. सुंठ, ओवा, बडीशेप, खडीसाखर आणि किंचित जायफळ, एवढाच तो ऐवज. आत्मारामपंतांनी हे गुपित इतकी वर्षं राखलं होतं, पण त्यात निष्ठेपेक्षा आळसाचा भाग मोठा होता. सोफ्यावरून उठून कोणाला काही सांगायला जाणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

ही विद्या काकूंकडे आली ती भाईंदर पश्चिमेच्या बाजारातल्या एका वैद्यबुवांकडून. परळची खोली विकून केळुसकर मिरा रोडला आले, तेव्हा काकूंनी त्या दवाखान्यात नोकरी धरली होती. रोगी तपासायचे वैद्यबुवांनी, औषध काढायचं वैद्यबुवांनी, काकूंनी फक्त पुड्या बांधायच्या. औषधातलं त्यांना अर्धमुर्धं कळे, पण पुडीची घडी अशी बसे की कागद कापल्यासारखा दिसे आणि उलटी धरून झटकली तरी कण बाहेर पडत नसे. निम्मा गुण औषधाचा आणि निम्मा घडीचा, असं वैद्यबुवा म्हणायचे. म्हातारपणी ते मुलाकडे नाशिकला गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं आणि काकू एक खलबत्ता, एक चिनी मातीची बरणी आणि बरीचशी अब्रू घेऊन घरी आल्या.

पुढे सोसायटीची सहल महाबळेश्वरला निघाली. काकूंनी गेटवर उभं राहून प्रत्येकाच्या हातावर पुडी ठेवली. घाटात मागच्या बाकांवरच्या चौघांना उलट्या झाल्या. नेमके ते चौघे उशिरा आले होते आणि त्यांना पुडी मिळाली नव्हती. मागच्या बाकावर बस जास्त उसळते, किंवा त्या चौघांनी सकाळी सकाळी मिसळ हाणली होती, ह्या गोष्टी कोणी विचारात घेतल्या नाहीत. बस परत आली ती काकूंचा जयजयकार करत. आणि त्या जयजयकारात, काकू स्वतः त्या बसमध्ये नव्हत्या, ही बारीकशी गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटली.

काकू त्या बसमध्ये नव्हत्या आणि दुसऱ्याही कुठल्या बसमध्ये नव्हत्या. मिरा रोडला राहायला आल्यापासून फार तर बोरिवली, दादर, एखाद्या वेळी ठाणे, ह्याच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. निघायचं ठरलं की आदल्या दिवसापासून तळहातांना घाम सुटायचा. बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला की आपण आता परत ह्या घरात येत नाही, अशी खात्रीच व्हायची. मग तुळशीला पाणी कोण घालणार, गॅसचा सिलेंडर नेमका उद्या येणार, आत्मारामपंतांचं ब्लड प्रेशर बरं दिसत नाही, असं काहीतरी निघायचं. आत्मारामपंतांचं ब्लड प्रेशर नेहमी उत्तम असायचं, पण ते बिचारे घरी राहायला मिळतंय म्हणून आजारी दिसायचा प्रयत्न करत.

स्वतःची पुडी त्यांनी कितीदा स्वतः घेऊन पाहिली होती. जायफळ वाढवून पाहिलं, ब्राह्मीचं तेल डोक्यावर थापून पाहिलं, तुळशीचा काढा पिऊन पाहिला. भीती होती तिथेच राहिली, वर तोंडाला सुंठीचा वास आला. हातगुण नावाची चीज आपल्याच हाताची आपल्याला लागत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कोणी सहज जरी बोललं तरी त्या चपापत. पण बाहेर कोणाला संशय यायला जागा नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकून ऐकून त्यांना इतकं माहीत झालं होतं, की केदारनाथला घोड्यावर बसल्यावर दरीच्या बाजूला बघू नका, असं त्या जाऊन आल्यासारखं सांगत. समोरच्या ब्लॉकमधल्या पिंकी शहाची तर पक्की समजूत होती की आंटी लग्नाआधी सगळा हिंदुस्थान फिरून बसल्या आहेत.

ह्या सगळ्याची झळ कोणाला बसली असेल तर एकुलत्या एका मुलीला, संचिताला. शाळेच्या सहलींपासून कॉलेजच्या नाशिकच्या स्पर्धेपर्यंत तिच्या मैत्रिणींच्या आया बरोबर जात, संचिताबरोबर पुडी जाई. तिचं लग्न सांगलीच्या नीरजशी ठरलं, तेव्हा मुलाकडच्यांची फार इच्छा होती की कार्य सांगलीला व्हावं. काकूंनी असा काही हट्ट धरला की सगळं वऱ्हाड मिरा रोडच्या हॉलमध्ये आलं. नीरज पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, त्याची बदली कोइंबतूरला झाली आणि संचिता तिकडे गेली. लेकीचा संसार काकूंनी फोनच्या पडद्यावरच पाहिला. तिच्या स्वयंपाकघरातला गॅस कुठे, फ्रीज कुठे, हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त त्या ओट्याला हात लागला नव्हता.

मग संचिताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात चर्चेला जागाच नव्हती. काकूंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. डिंक आला, अळीव आले, बाळंतशेपा आणि वावडिंग निवडून डबे भरले गेले, मऊ लुगडी धुऊन दुपट्यांसाठी घड्या करून ठेवली. सातव्या महिन्यात संचिता येणार, तिला आपल्याकडे आणायचं म्हणजे प्रवास तिने करायचा, ही सोय काकूंना मनातून फार पसंत होती. पण सातव्या महिन्यात तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की विमान नाही, रेल्वे नाही, जिन्यानेसुद्धा कमी चढायचं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत नुकतंच झालेलं, त्या येण्यासारख्या नव्हत्या.

काकू फोनवर हळहळल्या. मग लगेच मार्गाला लागल्या. लाडू कुरियरने पाठवते, बाळंतशेपा पाठवते, मालिशवाली तिकडे चांगली बघून ठेव, आणि तुझ्या जिवाला शांत वाटावं म्हणून पुडीही घालते, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. पलीकडे संचिता सगळं ऐकून घेत होती. ही मुलगी लहानपणापासून कधी हट्टाने काही मागायची नाही, म्हणून ती बोलली तेव्हा काकूंना आधी नीट कळलंच नाही.

“आई, पुडी नको पाठवूस. तू ये.”

पुढे बरेच दिवस काकूंचा घसा धरला होता, मग कंबर धरली, मग शेजारी पाणी गळतंय म्हणून प्लंबर येणार होता. दिवस पुढे सरकत होते आणि काकू अळीव निवडत होत्या, आधी निवडलेले परत निवडत होत्या. मुलगी एकटी तिकडे पडून आहे आणि आपण इथे घसा शेकत बसलोय, ह्याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेने भीती काही कमी होत नव्हती. तेव्हा आत्मारामपंतांनी आयुष्यातलं एक मोठं काम केलं. ते सोफ्यावरच राहिले, पण तिथूनच मोबाइलवर विमानाची दोन तिकिटं काढली आणि मग ही गोष्ट पिंकी शहाला सांगितली. पिंकीला सांगितलं म्हणजे सगळ्या सोसायटीला सांगितलं. आता काकूंना परतीची वाट उरली नव्हती.

लोक भेटायला येऊ लागले. जी माणसं आजवर पुडी न्यायला यायची ती आता कौतुक करायला आली. पिंकी खाकऱ्याचे डबे घेऊन आली आणि सोफ्यावर बसून हसत म्हणाली, “आंटी, आपको क्या टेन्शन? आप तो खुद दवाई हो.” काकूही हसल्या. आत जाऊन त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली आणि कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

निघण्याआधी एकदा आपली ताकद तपासून पाहावी, असं त्यांच्या मनात आलं. कोइंबतूर राहू दे, भाईंदरपलीकडे तरी जाऊन बघू. तेव्हा त्यांना बर्नडेट आठवली. बर्नडेट उत्तनजवळच्या पालीहून मासळी घेऊन शांती नगरात यायची. जीभ मिरचीसारखी, पण माल चोख. तिचा नवरा पायस मिसरूड फुटल्यापासून दर्यात जाणारा, वादळात होडी सांभाळणारा गडी, आणि त्याला बस लागायची. होडीत ठणठणीत असलेला माणूस बसमध्ये चढला की पहिल्याच वळणाला पिवळा पडायचा. पाडा सगळा त्याला हसायचा. त्यांच्याकडचे लोक वेलंकणीच्या यात्रेला निघाले, तेव्हा बर्नडेटने काकूंकडून त्याच्यासाठी घाटाची पुडी नेली होती. पायस जाऊन आला तो हसतमुख. बर्नडेटने काकूंना त्या आनंदात एक मोठं पापलेट फुकट दिलं होतं, आणि तेव्हापासून एकदा घरी या, असा तिचा आग्रह चालू होता. पाली आपल्याच महापालिकेच्या हद्दीत, पण काकूंना ते केदारनाथपेक्षा लांब होतं.

भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनसमोरून त्या उत्तनच्या बसमध्ये बसल्या. पर्समध्ये ताजी पुडी होती, ती बस सुटायच्या आधीच त्यांनी तोंडात टाकली. मुर्धा गेलं, राई गेलं, मोर्वा गेलं. दोन्ही बाजूंना मिठागरं पसरली होती, वारा छान येत होता, कॉलेजची पोरं हसत होती, आणि काकू समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून, आपण इथे का आलो, ह्याचा विचार करत होत्या. उत्तनच्या चौकात त्या घामाघूम होऊन, बसचा दांडा धरून उतरल्या. बर्नडेट घ्यायला आली होती. पालीच्या त्या अरुंद गल्लीतून, उभ्या केलेल्या मोटरसायकलींच्या मधून, तिने त्यांना हाताला धरून घरी नेलं आणि ऊन लागलं असणार असं तिचं तीच ठरवून सरबत करायला आत गेली.

पायस ओटीवर जाळं शिवत बसला होता. त्याने काकूंकडे एकदा नीट पाहिलं. मग उठून वाऱ्याच्या तोंडावर खुर्ची ठेवली, पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांना दोन घोट घेऊ दिले.

“बाई, तुमाला पन गाडी लागते?” त्याने हळूच विचारलं.

मला कशी लागेल, मी तर लोकांना औषध देते, असं काकू म्हणाल्या. पायसने वाद घातला नाही. तो परत जाळ्याशी बसला. गाडीतून उतरलेल्या माणसाचं तोंड आपल्याला बरोबर ओळखता येतं, एवढंच तो जाळ्याकडे बघत बोलला. आणि काय झालं कोण जाणे, जी गोष्ट काकूंनी सख्ख्या बहिणीला सांगितली नव्हती ती त्यांनी ह्या परक्या माणसाला सांगून टाकली. गाडी लागत नाही, भीती वाटते. बॅग भरली की वाटते. मुलगी वाट बघतेय आणि आपल्याच्याने जाववत नाही. बोलता बोलता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

पायस उठून घरात गेला. आत भिंतीवर सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, अल्तार होतं, खाली मेणबत्ती आणि कागदाची फुलं. तिथून त्याने काहीतरी आणलं आणि काकूंच्या पुढे धरलं. पांढऱ्या कागदाची चौकोनी पुडी होती. कागद मळून पिवळा झाला होता, पण घडी जशीच्या तशी. ती घडी काकूंनी अंधारातही ओळखली असती. पुडी कधी उघडलेलीच नव्हती.

ही तुम्ही घेतलीच नाहीत का, असं काकूंनी विचारलं. पायस बुचकळ्यात पडला. घेतली की. वेलंकणीला नेली, परत आणली, मग मेव्हणीच्या लग्नाला गोव्याला नेली. शर्टाच्या खिशात, रोझरीच्या शेजारी. एकदाही उलटी झाली नाही.

“अहो, पण ती खायची असते,” काकू म्हणाल्या.

“खायाची?” पायसने पुडीकडे पाहिलं, मग सरबत घेऊन आलेल्या बायकोकडे पाहिलं. “ही मना बोलली, बाईनं दिलीय, संगती ठेव. मी संगती ठेवली.”

बर्नडेटने सरबताचा पेला काकूंच्या हातात दिला आणि कपाळावर हात मारला. काकूंना आधी अपमान वाटला. सुंठ, ओवा, बडीशेप, मध्यरात्रीही कोणी उठवलं तरी सांगावं असं ते प्रमाण, सगळं बिचारं कागदात मुकाट बसून राहिलं होतं आणि गुण मात्र पुरता आला होता. म्हणजे वैद्यबुवांचंही चुकलंच. निम्मा कुठला, सगळाच गुण घडीचा. मग त्यांना हसू आलं, आणि ते इतकं आलं की सरबत सांडलं. पायस गंभीरपणे विचारत होता की मग आता काय करू, खाऊन टाकू का. त्याला नको म्हणताना त्यांचे डोळे परत ओले झाले.

पायसने जरा विचार केला आणि पुडी काकूंच्या तळहातावर ठेवली. तुम्ही न्या, म्हणाला, पण परत आल्यावर आठवणीने द्या, कारण नाताळात त्याला परत गोव्याला जायचं होतं. काकू म्हणाल्या, आत काय आहे ते मला चांगलं माहीत आहे, मला तिचा काय उपयोग.

“उपेग मना बी ठाव न्हाय,” पायस म्हणाला. “पन मूठ रिकामी न्हाय ऱ्हात.”

निघायच्या दिवशी सकाळी काकूंनी पायसच्या पुडीवर भरवसा न ठेवता स्वतःसाठी खास औषध केलं. जायफळ नेहमीच्या दुप्पट उगाळलं, दुधात कालवलं आणि पेला ओट्यावर ठेवून साडी नेसायला गेल्या. परत आल्या तर पेला रिकामा. आत्मारामपंतांना वाटलं होतं की आज प्रवासाचा दिवस म्हणून बायकोने कौतुकाने मसाला दूध केलंय. दुसरं उगाळायला वेळ नव्हता, खाली टॅक्सी उभी होती आणि तिच्याभोवती सोसायटी जमली होती. काकूंनी सगळ्यांना हसून हात केला. बॅगेची चेन पिंकीने लावली, त्यामुळे तो आवाज निदान चार पावलांवरून आला.

एअरपोर्टवर तपासणीच्या वेळी वर्दीतल्या मुलीने त्यांची पर्स उघडली आणि मळकी पुडी दोन बोटांत धरून वर केली. हे काय आहे, असं तिने हिंदीत विचारलं. दवा, काकू म्हणाल्या. किस चीज की, तिने विचारलं. मागे रांग खोळंबली होती, आत्मारामपंत डोळे अर्धे मिटून डुलत होते आणि काकूंना ऐनवेळी खोटं सुचलं नाही.

“डर की,” त्या म्हणाल्या.

मुलीने पुडीचा वास घेतला, नाक मुरडलं, काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुडी परत पर्समध्ये ठेवली.

विमानात खुर्चीत टेकल्या टेकल्या आत्मारामपंत झोपले. जायफळाने आपलं काम चोख केलं होतं, फक्त माणूस चुकला होता. ज्याला जगात कशाचीच भीती नव्हती तो तोंड उघडं टाकून घोरत होता आणि जिच्या नावाने अर्धं शांती नगर देशभर फिरत होतं ती बाई पायसची पुडी मुठीत धरून बसली होती. भीती गेली नाही. विमान उडालं तेव्हा वाटली, ढगात थरथरलं तेव्हा वाटली, सगळं शांत असताना तर जास्तच वाटली. मूठ मात्र रिकामी नव्हती, हे पायसचं खरं निघालं. मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण भीती गेल्यावर निघू म्हणून दारात थांबलो होतो, आणि ती बया कधी जाणारच नव्हती. तिला बरोबर घेऊनच निघायला हवं होतं. मग त्यांनी तिला खिडकीकडची जागा दिली आणि स्वतः समोर बघत राहिल्या.

कोइंबतूरला संचिता दारात उभी होती, पोट सांभाळत. आत्मारामपंत डोळे चोळत म्हणाले, प्रवास मस्त झाला, कळलंच नाही. संचिताने आईकडे पाहिलं.

“मला भीती वाटली गं,” काकू म्हणाल्या. “सगळा वेळ वाटली.”

“मला माहीत आहे, आई.”

कधीपासून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा संचिता म्हणाली, शाळेच्या पहिल्या सहलीपासून. तू दिलेली पुडी नेहमी ओली असायची. तुझ्या हाताला घाम आलेला असायचा. काकूंना बसायला जागा हवी होती, ती संचितानेच दाखवली. फोनच्या पडद्यावरून तोंडपाठ केलेल्या त्या ओट्याला त्यांनी जाऊन हात लावला, आणि मग डिंकाचे लाडू कुठल्या डब्यात भरायचे ह्यावरून लगेच आई-लेकीचं वाजलं.

बाळाने तारखेची वाट पाहिली नाही. एका सकाळी चहा होतोय तोच संचिताने कंबरेवर हात ठेवला आणि नीरज गाडीची किल्ली शोधत घरभर पळायला लागला. हॉस्पिटलात चाकांच्या खुर्चीवर बसवून तिला आत न्यायला नर्स आली. इतके महिने सगळ्यांना धीर देणारी, कधी काही न मागणारी ती मुलगी दाराशी आल्यावर एकदम पांढरी पडली. तिने आईचा पदर धरला.

“आई, पुडी आणलीस?”

 बरणी मिरा रोडला राहिली होती. लेकीनेच नको म्हटलं म्हणून त्यांनी ह्या खेपेला पुडी बांधलीच नव्हती. पर्समध्ये हात घातला तेव्हा बोटांना ती एकच लागली. त्यांनी ती संचिताच्या तळहातावर ठेवली. नर्स तमिळमध्ये काहीतरी रागावून बोलली. काकूंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण काय म्हणाली असेल ते कळलं. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि लेकीची बोटं एकेक करून मिटवली.

“खायची नाही. नुसती मुठीत धर.”

संचिताने मूठ नाकाशी नेली. एवढ्या कळांतही तिच्या कपाळाला आठी पडली. “आई, ह्याला सुक्या बोंबलाचा वास येतोय.”

“येऊ दे. घट्ट धर.”

नर्सने खुर्ची आत ढकलली. काही होणार नाही, हे नेहमीचं वाक्य काकूंच्या ओठांवर आलं होतं. आजवर कितीजणांना ते त्यांनी दारात उभं राहून सांगितलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि दार लागता लागता आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, “मी इथे बाहेर बसलेय.”